सरासरी सारखीच, मग पीकविमा एकाला मिळतो आणि दुसऱ्याला का नाही? बीडच्या आकड्यांतून समजून घ्या 'प्रमाण विचलन'

खरीप २०२५ पासून महाराष्ट्रात पीकविम्याचे नियम बदलले. एक रुपयात विमा बंद झाला, शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा सुरू झाला. त्याहून मोठा बदल भरपाईच्या निकषात झाला. पावसाने शेत वाहून गेलं म्हणून वैयक्तिक तक्रार करायची आणि पंचनाम्यावर भरपाई मिळवायची, ही सोय राज्याने योजनेतून काढली. आता भरपाई ठरते ती मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. हे उत्पादन मुख्यतः पीक कापणी प्रयोगातून काढलं जातं आणि काही पिकांसाठी त्याला उपग्रहावर आधारित अंदाजाची जोड दिली जाते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बीडसह मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. नद्या-ओढ्यांकाठची शेतं पाण्याखाली गेली, काही ठिकाणी माती खरवडून गेली. राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. पण गावोगावी एक प्रश्न विचारला जात होताच: विम्याचं काय?

या प्रश्नाचं उत्तर 'सरासरी' या शब्दात आहे. आणि सरासरीचा खरा अर्थ कळायचा असेल, तर तिच्यासोबत आणखी एक आकडा पाहावा लागतो. त्याचं नाव प्रमाण विचलन. अकरावीच्या पुस्तकात अनेकांनी तो काढलेला असतो, परीक्षेनंतर विसरलेलाही असतो. मोबाइलमधल्या स्प्रेडशीटवर तो एका मिनिटात निघतो. फक्त तो नीट काढावा लागतो.

आधी पाहू, प्रमाण विचलन म्हणजे काय?

सरासरी सांगते की आकड्यांचा मध्य कुठे आहे. ते आकडे त्या मध्याच्या किती जवळ किंवा किती दूर पसरलेत, हे प्रमाण विचलन सांगतं.

समजा एका जिल्ह्यात दोन महसूल मंडळं आहेत. सोयीसाठी त्यांना 'स्थिर मंडळ' आणि 'लहरी मंडळ' म्हणू. दोन्हीकडचं सोयाबीनचं सात वर्षांचं उत्पादन हेक्टरी किलोमध्ये पुढे दिलंय. हे आकडे कोणत्याही खऱ्या मंडळाचे नाहीत, फक्त समजावून सांगण्यासाठी घेतलेत.

स्थिर मंडळ: १०००, १०५०, ९५०, ११००, ९००, १०२०, ९८०

लहरी मंडळ: १५००, ४००, १३००, १४५०, ३००, १४००, ६५०

दोन्हीकडची बेरीज ७००० येते, म्हणजे सरासरी बरोबर १००० किलो. तक्त्यात फक्त सरासरी छापली तर दोन्ही मंडळं जुळी वाटतील. प्रत्यक्षात पहिल्या मंडळातला शेतकरी पेरणीआधीच साधारण किती पोती येतील ते सांगू शकतो. दुसऱ्या मंडळातल्याला तेच विचारलं तर तो आभाळाकडे बोट दाखवेल.

आता प्रमाण विचलन काढू. रीत सोपी आहे.

१. प्रत्येक वर्षाच्या आकड्यातून सरासरी वजा करा.
२. आलेल्या फरकाचा वर्ग करा, म्हणजे अधिक-उणे चिन्हं एकमेकांना खाऊन टाकणार नाहीत.
३. सगळे वर्ग मिळवा.
४. बेरजेला आकड्यांच्या संख्येपेक्षा एकाने कमी संख्येने भागा. इथे सात वर्षं आहेत, म्हणून सहाने.
५. उत्तराचं वर्गमूळ काढा.

स्थिर मंडळात वर्गांची बेरीज २५,८०० येते. सहाने भागून वर्गमूळ काढलं की सुमारे ६६ किलो. लहरी मंडळात बेरीज १६,७५,००० येते आणि उत्तर सुमारे ५२८ किलो.

प्रमाण विचलनाला सरासरीने भागून शंभराने गुणलं की मिळतो 'विचलन गुणांक'. तो टक्क्यांत असतो, त्यामुळे वेगवेगळ्या पिकांची किंवा भागांची तुलना करता येते. स्थिर मंडळाचा गुणांक साडेसहा टक्क्यांच्या आसपास, तर लहरी मंडळाचा जवळपास ५३ टक्के.

बीडमध्ये हा आकडा महत्त्वाचा का?

बीड जिल्ह्याच्या वार्षिक पावसाची सरासरी साधारण साडेसहाशे मिलीमीटरच्या आसपास सांगितली जाते. पण या एका आकड्याने जिल्हा कळत नाही.

एक कारण भूगोल. पश्चिमेकडचे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हे तालुके पर्जन्यछायेतले आणि कोरडे. पूर्वेला बालाघाटच्या रांगांवरच्या अंबाजोगाईकडे पाऊस तुलनेने बरा. उत्तरेला गेवराई, माजलगाव हा गोदावरीकाठचा पट्टा. तिन्ही भाग एकाच जिल्हा सरासरीत मिसळले की तिघांचंही चित्र पुसट होतं.

दुसरं कारण वर्षावर्षातला फरक. २०१५ चा भीषण दुष्काळ आणि त्यानंतर लगेच २०१६ च्या सप्टेंबरमधला धो-धो पाऊस, हे मराठवाड्याने पाहिलंय. २०१८ पुन्हा कोरडं गेलं. २०२३ मध्ये राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बीडमधले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते. दोनच वर्षांनी त्याच जिल्ह्यात अतिवृष्टी. अशा दोन वर्षांची सरासरी काढली तर ती 'बरं वर्ष' दाखवेल. पण ते बरं वर्ष प्रत्यक्षात कुणाच्याच वाट्याला आलेलं नसतं.

हवामान विभाग देशाच्या मान्सूनचा अंदाज देतो, तेव्हाही हाच हिशेब मागे असतो. १९७१ ते २०२० या काळावरून देशाची जून ते सप्टेंबरची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटीमीटर धरली जाते. संपूर्ण देशासाठी तिचं प्रमाण विचलन सरासरीच्या सुमारे १० टक्के आहे. देश मोठा असल्याने एका भागातली तूट दुसऱ्या भागातल्या जास्तीच्या पावसाने भरून निघते, म्हणून हा आकडा लहान दिसतो. एका जिल्ह्यात, त्यातही मराठवाड्यासारख्या भागात, चढउतार यापेक्षा बराच मोठा असतो. म्हणूनच 'यंदा देशात मान्सून सामान्य' ही बातमी खरी असतानाही बीडच्या एखाद्या मंडळात विहिरी कोरड्या असू शकतात.

जिल्ह्याच्या पावसाबाबत हवामान विभाग ठरावीक टक्क्यांच्या पट्ट्या वापरतो. सरासरीच्या १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त म्हणजे सामान्य, २० ते ५९ टक्के कमी म्हणजे तुटीचा. ही पट्टी कोकणाला आणि बीडला सारखीच लागते. कोकणात पाऊस २५ टक्क्यांनी घटणं आणि बीडमध्ये तेवढाच घटणं, या दोन्हींचा अर्थ मात्र सारखा नसतो.

यावर उपाय म्हणून जगभर 'प्रमाणित पर्जन्य निर्देशांक' वापरला जातो. १९९३ मध्ये मांडलेली ही पद्धत, त्या ठिकाणच्या नेहमीच्या चढउताराच्या मानाने पाऊस किती प्रमाण विचलनं कमी किंवा जास्त आहे, ते सांगते. उणे एकच्या खाली मध्यम कोरडं, उणे दोनच्या खाली अतितीव्र. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेतही पावसाच्या निकषांत या निर्देशांकाला जागा आहे.

विम्यात हा आकडा कुठे लपलाय?

आता मूळ मुद्दा. पीकविम्यात 'उंबरठा उत्पादन' ठरवलं जातं. मंडळाचं यंदाचं सरासरी उत्पादन त्या उंबरठ्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते. जितकं खाली, तितकी जास्त.

१९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना लागू झाली, तेव्हा विचलन गुणांक थेट नियमातच होता. मागच्या दहा वर्षांच्या उत्पादनाचा गुणांक काढायचा. तो कमी असेल तर त्या भागाचा जोखीमस्तर ९० टक्के, मध्यम असेल तर ८० टक्के आणि जास्त असेल तर ६० टक्के. बहुतेक पिकांसाठी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीला या टक्क्याने गुणून उंबरठा ठरायचा.

आपल्या दोन मंडळांना हा नियम लावून पाहू.

स्थिर मंडळाची शेवटच्या पाच वर्षांची सरासरी ९९०. तिचे ९० टक्के म्हणजे ८९१ किलो.

लहरी मंडळाची शेवटच्या पाच वर्षांची सरासरी १०२०. तिचे ६० टक्के म्हणजे ६१२ किलो.

आठव्या वर्षी लहरी मंडळात ६५० किलो पिकलं तर? सरासरीपेक्षा साडेतीनशे किलो कमी, तरी भरपाई शून्य. कारण ६५० हे ६१२ च्या वर आहे. म्हणजे ज्या भागात पीक सर्वात बेभरवशाचं, त्याच भागाला सर्वात कमी संरक्षण. विमा कंपनीच्या वहीत हे बरोबर दिसतं, कारण जोखीम जास्त तिथे हात आखडता. पण विम्याची गरज सर्वात जास्त असलेल्याच्या बाजूने पाहिलं तर गणित उलटं आहे.

२०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना आली आणि पद्धत बदलली. मागच्या सात वर्षांतली सर्वाधिक उत्पादनाची पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि जोखीमस्तराने गुणायचं, अशी सध्याची रीत आहे. महाराष्ट्रात हा जोखीमस्तर ७० टक्के ठेवला गेलाय.

स्थिर मंडळ: सर्वात चांगल्या पाच वर्षांची सरासरी १०३०, उंबरठा ७२१ किलो.

लहरी मंडळ: सर्वात चांगल्या पाच वर्षांची सरासरी १२६०, उंबरठा ८८२ किलो.

आता लहरी मंडळात ६५० किलो पिकलं तर उंबरठ्यापेक्षा २३२ किलो कमी, म्हणजे २६.३ टक्के घट. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार धरली तर भरपाई १३,१५२ रुपये. जुन्या नियमात हाच आकडा शून्य होता.

आणि स्थिर मंडळात? तिथे भरपाई मिळायला उत्पादन १००० वरून ७२१ च्या खाली यावं लागेल, म्हणजे चारपेक्षा जास्त प्रमाण विचलनं खाली. असं क्वचितच घडेल. तिथला शेतकरी दरवर्षी हप्ता भरेल आणि बहुधा काहीच मिळणार नाही. लहरी मंडळात मात्र मागच्या सातपैकी तीन वर्षं ८८२ च्या खाली आहेत.

यातून हे उघड होतं की पीकविमा हा मुळात प्रमाण विचलनाचा सौदा आहे. म्हणूनच मोठ्या चढउताराच्या जिल्ह्यांत कंपन्या जास्त हप्ता मागतात किंवा निविदाच भरत नाहीत. २०२० मध्ये बीडमध्ये नेमकं तेच झालं. कंपन्या पुढे येईनात. शेवटी सरकारी मालकीच्या भारतीय कृषी विमा कंपनीने वेगळ्या अटींवर काम घेतलं. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्याचा. भरपाई ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने हप्त्याच्या २० टक्के ठेवायचे आणि उरलेली रक्कम राज्याला परत करायची. हाच तो 'बीड पॅटर्न'. २०२२ पासून तो राज्यभर लागू झाला.

संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर या पॅटर्नने कंपनीच्या नफ्या-तोट्याचं प्रमाण विचलन दोन्ही बाजूंनी कापलं. फार मोठा तोटा नाही, फार मोठा नफाही नाही. शेतकऱ्याच्या उत्पन्नातला चढउतार मात्र त्याने बदलला नाही. तो कमी होतो की नाही, हे उंबरठा कसा ठरतो आणि कापणी प्रयोग किती नीट होतात, यावरच अवलंबून राहतं.

सलग वाईट वर्षं आली की काय होतं?

'सातातली चांगली पाच' या नियमात एक गृहीतक आहे: सात वर्षांत जास्तीत जास्त दोन वर्षं वाईट असतील. लहरी मंडळात तीन आहेत, म्हणून ६५० चं वर्षही 'चांगल्या' पाचांत मोजलं गेलं.

आता समजा चौथ्या वर्षी १४५० ऐवजी ३५० किलोच पिकलं होतं. म्हणजे सातपैकी चार वर्षं वाईट. मग सर्वात चांगली पाच वर्षं होतात १५००, १४००, १३००, ६५० आणि ४००. सरासरी १०५०, उंबरठा ७३५ किलो.

आठव्या वर्षी तेच ६५० किलो पीक आलं तर घट फक्त ८५ किलो, म्हणजे ११.६ टक्के. भरपाई ५,७८२ रुपये. आधीच्या १३,१५२ च्या निम्म्याहून कमी. शेतात तितकंच पिकलं, नुकसान तितकंच झालं. फरक एवढाच की मागे आणखी एक वर्ष बुडालं होतं.

दुष्काळ आणि अतिवृष्टी आलटून पालटून येणाऱ्या जिल्ह्यात ही कल्पनेतली भीती नाही. वाईट वर्षं वाढली की उंबरठा घसरतो आणि गरज वाढत असतानाच संरक्षण कमी होतं. त्यामुळे उंबरठ्याची चर्चा करताना मागच्या सात वर्षांचे आकडे सुटे सुटे मागणं महत्त्वाचं आहे, नुसती सरासरी नाही.

दहा प्लॉट आणि एक मंडळ

दुसरा प्रश्न यंदाच्या उत्पादनाचा. मंडळातलं प्रत्येक शेत मोजता येत नाही. म्हणून काही गावं आणि काही शेतं चिठ्ठी पद्धतीने निवडतात, त्यात ठरावीक मापाचा चौकोन आखून तिथलं पीक कापतात, मळतात, वजन करतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत महसूल मंडळासाठी एका पिकाचे किमान १० प्रयोग सांगितले होते. नोंद आता मोबाइल ॲपवर, ठिकाण आणि फोटोसह होते.

या दहा शेतांतही फरक असतोच. एका शिवारात पाऊस पडतो, शेजारच्या शिवारात नाही. काळी कसदार जमीन आणि मुरमाड माळ एकाच मंडळात असतात. समजा दहा प्रयोगांची सरासरी ८०० किलो आली आणि प्रमाण विचलन ४०० किलो. मग या सरासरीवर विश्वास किती ठेवायचा?

त्यासाठी प्रमाण विचलनाला प्रयोगांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात. ४०० भागिले १० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १२६ किलो. याला 'प्रमाण त्रुटी' म्हणतात. ढोबळमानाने खरी सरासरी याच्या दुप्पट अंतरात, म्हणजे ५५० ते १०५० च्या दरम्यान कुठेही असू शकते. उंबरठा ८८२ असेल तर तो या पट्ट्याच्या आतच पडतो. मंडळाला भरपाई मिळणं किंवा न मिळणं हे कोणती दहा शेतं निवडली गेली यावर ठरू शकतं.

त्रुटी निम्मी करायची तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. म्हणजे दहाऐवजी चाळीस. तेवढं मनुष्यबळ कापणीच्या दोन-तीन आठवड्यांत मिळणं अवघड. उपग्रहाची मदत घेण्यामागे हेच एक मोठं कारण आहे.

या पद्धतीच्या इतिहासात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात भारतात यादृच्छिक निवडीवर आधारित पीक कापणी पाहण्यांचा पाया घातला. फार लहान चौकोन घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, हे त्यांनी दाखवून दिलं. कारण साधं होतं: कडेची झाडं आत धरायची की बाहेर, या शंकेत कापणारा ती बहुधा आत धरतो. चौकोन जितका लहान, तितका या चुकीचा परिणाम मोठा. वि. गो. पानसे यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं शेती संशोधकांसाठीचं सांख्यिकीचं पुस्तक १९५४ मध्ये आलं आणि कृषी विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं.

त्यातला धडा आजही लागू आहे. प्रमाण विचलन फक्त विखुरणं दाखवतं. सगळेच आकडे एकाच बाजूला झुकलेले असतील, चांगलीच शेतं निवडली असतील किंवा वजन करताना ओलावा विचारात घेतला नसेल, तर प्रमाण विचलन लहान येईल आणि सरासरी तरीही चुकीची असेल.

मोबाइलवर किंवा संगणकावर कसं काढायचं?

मंडळनिहाय पावसाचे आकडे कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मिळतात. तालुका कृषी कार्यालयाकडे उत्पादनाची माहिती मागता येते. आकडे हातात आले की पुढचं काम सोपं आहे.

गूगल शीट्स किंवा एक्सेल उघडा. एका उभ्या रकान्यात दर ओळीला एक वर्ष असे आकडे भरा. फंक्शनच्या यादीत 'स्टॅटिस्टिकल' गटात जा. तिथे 'एसटीडीईव्ही' ने सुरू होणारी एकापेक्षा जास्त नावं दिसतील. गोंधळ इथेच होतो.

टिंब एस की टिंब पी? 'एसटीडीईव्ही टिंब एस' हे नमुन्यासाठी आहे. ते एकाने कमी संख्येने भागतं. 'टिंब पी' हे संपूर्ण समूहासाठी आहे, ते पूर्ण संख्येने भागतं. सात वर्षं हा बीडच्या हवामानाचा एक नमुना आहे, संपूर्ण इतिहास नाही. म्हणून इथे 'एस' वापरायचं. एकाने कमी का? कारण सरासरीही त्याच सात आकड्यांतून काढलेली असते. ती त्यांच्या अगदी मधोमध बसते, त्यामुळे विखुरणं खऱ्यापेक्षा थोडं कमी दिसतं. सहाने भागून ती कसर भरून काढतात.

लहरी मंडळात 'एस' ने उत्तर ५२८ येतं, 'पी' ने ४८९. गुणांक एकदा ५२.८ टक्के, एकदा ४८.९ टक्के. एखाद्या नियमात ५० टक्क्यांची रेषा असेल, तर फक्त एका अक्षरामुळे मंडळाचा गट बदलेल.

सॉफ्टवेअर बदललं की उत्तर बदलू शकतं. 'आर' आणि 'मॅटलॅब' मधलं नेहमीचं फंक्शन एकाने कमी संख्येने भागतं. पायथनमधलं 'नम्पाय' काही न सांगता पूर्ण संख्येने भागतं, तर त्याच पायथनमधलं 'पांडाज' एकाने कमी संख्येने. दोन जणांनी तेच आकडे घेऊन वेगळी उत्तरं काढली, तर आधी हे तपासावं. शास्त्रीय कॅल्क्युलेटरवरही दोन्ही प्रकार असतात.

शून्य आणि रिकामी जागा. सर्वात महागात पडणारी चूक ही. स्थिर मंडळात शेवटच्या वर्षाची नोंद मिळाली नाही आणि कुणी तिथे ० भरलं, तर सरासरी १००० वरून ८६० वर येते आणि प्रमाण विचलन ६६ वरून थेट ३८५ वर जातं. शांत मंडळ एका शून्याने बेभरवशाचं ठरतं. नोंद नसेल तर रकाना रिकामा ठेवा. पाऊस खरंच पडला नसेल तरच शून्य लिहा.

आकडा की मजकूर? पीडीएफमधून चिकटवलेले काही आकडे स्प्रेडशीट मजकूर समजतं आणि हिशेबात धरतच नाही, तेही कसलीही सूचना न देता. लहरी मंडळातलं ३०० चं वर्ष असं गळालं, तर सरासरी १११७ आणि प्रमाण विचलन ४७० दिसेल. दुष्काळाचं वर्षच गायब. उपाय सोपा: आकडे मोजणारं 'काउंट' फंक्शन लावून सातच आलेत ना, ते पाहा.

सॉफ्टवेअरही चुकतं का? पूर्वी चुकायचं. २००३ च्या आधीच्या एक्सेलमध्ये प्रमाण विचलन काढायची पद्धत अशी होती, की आकडे फार मोठे आणि फरक फार लहान असेल तर उत्तर बिघडायचं. २००३ च्या आवृत्तीत ती सुधारली गेली. आज चूक बहुतेक वेळा भरणाऱ्याची असते.

या आकड्याच्या मर्यादा

'सुमारे ६८ टक्के आकडे एका प्रमाण विचलनात येतात' हा नियम अनेकांना पाठ असतो. तो घंटेच्या आकाराच्या वितरणाला लागू पडतो. सात वर्षांच्या उत्पादनाला तो आंधळेपणाने लावू नये. लहरी मंडळातच पाहा, तिथे १००० च्या आसपासचं एकही वर्ष नाही. वर्ष एकतर चांगलं, नाहीतर वाईट.

दुसरं म्हणजे प्रमाण विचलन वरचा आणि खालचा फरक सारखाच मोजतं. शेतकऱ्याला मात्र १५०० किलोचं वर्ष आणि ४०० किलोचं वर्ष सारखं नसतं. चांगल्या वर्षी भाव पडतो, वाईट वर्षी कर्ज वाढतं. बीडमधली हजारो कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्यामागे शेतीच्या उत्पन्नाची हीच अनिश्चितता एक मोठं कारण आहे. तोडीची उचल कमी असली तरी ती आधीच हातात येते.

मग काय विचारायचं?

भरपाई नाकारली गेली तर फक्त 'आमच्या मंडळाची सरासरी किती?' एवढं विचारून भागत नाही. चार गोष्टी मागाव्यात. मागच्या सात वर्षांचं वर्षनिहाय उत्पादन आणि त्यातली कोणती पाच वर्षं धरली. यंदाच्या प्रत्येक कापणी प्रयोगाचं वेगवेगळं वजन. एकूण प्रयोग किती झाले आणि किती रद्द झाले. आणि या आकड्यांचं प्रमाण विचलन.

पहिल्या तीन गोष्टी मिळाल्या की चौथी गावातला कुणीही अकरावीचा विद्यार्थी मोबाइलवर काढून देऊ शकतो. दहा प्रयोगांचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर मंडळाच्या सरासरीवर भरवसा ठेवता येतो. ते एकमेकांपासून फार दूर असतील आणि उंबरठा त्यांच्या मधोमध पडत असेल, तर फेरतपासणी मागायला ठोस आधार मिळतो. तक्रार अर्जात 'आमच्यावर अन्याय झाला' या वाक्याखाली ते दहा आकडे आणि त्यांचं प्रमाण विचलन लिहिलेलं असेल, तर उत्तर देणाऱ्यालाही आकड्यांतच उत्तर द्यावं लागतं.